अड्यार नदीचे राखणदार

तमिळ भाषेत 'कुडिमरामत्तु' असा एक शब्द आहे. 'कुडि' म्हणजे गावचा रहिवासी, रयत. आणि 'मरामत्तु' हा आपल्या 'मरामत' या शब्दाचा सख्खा भाऊ. अरबी-फारसीच्या वाटेने तो दक्षिणेत उतरला, आपल्याकडे दफ्तरांत आणि किल्ल्यांच्या डागडुजीत रुळला, आणि इकडे तळ्यांच्या बांधावर जाऊन बसला. रयतेने आपल्या हातांनी आणि आपल्या पदरच्या खर्चाने गावच्या तळ्याची, पाटांची व मोऱ्यांची केलेली दुरुस्ती, एवढा अर्थ त्या एका शब्दात सामावलेला आहे. इतका नेमका शब्द मराठीत मला सापडला नाही. 'श्रमदान' हा शब्द आहे खरा, परंतु त्यात दानाचा भाव आहे. कुडिमरामत्तुमध्ये दान नव्हते, ते गावात राहण्याचे कर्तव्य होते.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात नाटके, गणेशोत्सव, ग्रंथालय आणि दिवंगत कार्यकर्ते यांच्याविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. ज्या शहराने आपणांस पन्नास वर्षे अन्न आणि पाणी दिले, त्यातल्या पाण्याविषयी चार पाने असावीत, या हेतूने हा विषय मी निवडला. त्यातही सगळ्या नद्यांचा पसारा न मांडता अड्यार ही एकच नदी आणि तिचे पाणलोट क्षेत्र घेतो. आपल्या सभासदांपैकी पुष्कळ जण या नदीच्या अल्याडपल्याड राहतात. सैदापेठच्या पुलावरून रोज कचेरीस जाताना तिच्याकडे पाहून नाकाला रुमाल लावण्यापलीकडे आपला तिचा संबंध बहुधा येत नाही.

ही नदी मोठी नव्हे. तिची लांबी सुमारे ४२ किलोमीटर. आपल्याकडची मुळामुठासुद्धा हिच्या पुढे थोरली ठरेल. तिचा उगम कोणत्या डोंगरात नाही. तो तळ्यांत आहे. तांबरमच्या पश्चिमेस मणिमंगलम् नावाचे गाव आहे. तेथल्या आणि आसपासच्या तळ्यांच्या सांडव्यांवरून वाहणारे पाणी एकत्र येते, पुढे चेंबरंबाक्कमच्या विस्तीर्ण तलावाचा सांडवा तिला मिळतो, आणि मग तिला नदीचे रूप येते. सुमारे दोनशे लहानमोठ्या तळ्यांचे जादा पाणी तिच्यात उतरते असे मानतात. म्हणजे या नदीचे पाणलोट राखणे याचा अर्थ ही तळी राखणे, दुसरा नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नदीला कोणी बांध घातला नाही तरी ती वाहते. अड्यारचे तसे नाही. माणसांनी बांधलेल्या आणि सांभाळलेल्या तळ्यांच्या उतरंडीतून तिला रूप आले आहे.

मणिमंगलम् या नावापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकात बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी पल्लवांवर चालून आला. ऐहोळ्याच्या शिलालेखात ज्याला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटले आहे, तोच हा राजा. त्याचा आणि पल्लव नरसिंहवर्म्याचा जेथे सामना झाला, त्या रणभूमींच्या यादीत पल्लव ताम्रपटांनी मणिमंगलम्‌चे नाव दिले आहे. पुलकेशी तेथे हरला. पुढे ६४२ च्या सुमारास नरसिंहवर्म्याने बदामीही घेतली. आपल्या पूर्वजांचा मद्रासशी आलेला संबंध शिवछत्रपतींच्या १६७७ च्या दक्षिण दिग्विजयापासून किंवा व्यंकोजीराजांच्या तंजावरपासून मोजण्याची आपणांस सवय आहे. तो धागा त्याहून हजार वर्षे मागे, याच नदीच्या उगमापाशी सापडतो.

आता तळ्यांकडे वळू. तमिळमध्ये शेतीसाठी बांधलेल्या तळ्याला 'एरी' म्हणतात. चंद्रकोरीसारखा मातीचा बांध, तीन बाजूंनी बांध आणि चौथी उघडी, असे तिचे रूप. उघड्या बाजूने पावसाचे पाणी आत येते. बांधातून शेतांकडे पाणी सोडणारी मोरी म्हणजे 'मदगु', आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला सांडवा म्हणजे 'कलंगल'. एका एरीच्या कलंगलवरून निघालेले पाणी खालच्या गावच्या एरीत जाते, तिथून त्याच्या खालच्या. अशी दहा-दहा, वीस-वीस तळी साखळीने जोडलेली असत. वरच्या गावाने सांडव्याची उंची वीतभर वाढवली की खालच्या गावाची एरी कोरडी, आणि वरच्या गावाने बांध दुरुस्त ठेवला नाही की एका रात्रीत खालची सगळी तळी फुटत. त्यामुळे हे काम एकट्या गावाचे कधीच नव्हते. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या अवघ्या तीन महिन्यांत पडणार, पुढचे नऊ महिने त्यावर काढायचे. अशा प्रदेशात पाणी साठवणे हाच राज्यकारभाराचा पाया होता.

हा कारभार कसा चाले, याचे अस्सल कागद, म्हणजे अस्सल दगड, चेन्नईपासून सुमारे ९० किलोमीटरवर उत्तरमेरूर येथे आहेत. वैकुंठ पेरुमाळ देवळाच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, ९१९ आणि ९२१ सालचे लेख कोरलेले आहेत. गावाचे तीस वाडे पाडलेले. प्रत्येक वाड्यातील पात्र गृहस्थांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात घालीत आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवीत. निवडलेल्यांच्या समित्या होत: बारा जणांची वार्षिक समिती, बारा जणांची बागांची समिती, आणि सहा जणांची 'एरी वारियम्' म्हणजे तळ्याची समिती. मुदत ३६० दिवसांची. दुसऱ्या लेखात वयाची अट पस्तीस ते सत्तर अशी दिली आहे. स्वतःची करपात्र जमीन आणि स्वतःचे घर असावे. मागल्या तीन वर्षांत कोणत्याही समितीवर काम केलेले नसावे.

परंतु मला सर्वांत जास्त भावले ते अपात्रतेचे कलम. ज्याने पूर्वी समितीवर काम करून हिशेब दिला नाही तो तर बाद होतोच. त्याच्याबरोबर त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, सासरा, मेहुणे, जावई, भाचे, बाप आणि मुलगा हेही बाद. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला या यादीचे मोल कळते. हिशेब तपासनिसाचा शेरा आपण फायलीत ठेवतो. त्यांनी तो देवळाच्या भिंतीवर कोरला, आणि अकराशे वर्षांनीही तो वाचता येतो.

यावरून त्या काळी सर्वत्र लोकशाही नांदत होती असे मात्र कोणी समजू नये. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते. सभेत बसायला वेदाध्ययनाची आणि जमिनीची अट होती. स्त्रियांना आणि कष्टकऱ्यांना तेथे जागा नव्हती. गाळाच्या पाट्या उचलणारे हात आणि चिठ्ठ्या काढून घेणारे हात निराळे होते. पुढच्या काळातही मोऱ्या उघडणारा आणि पाणी वाटणारा 'नीरकट्टी' बहुतेक ठिकाणी दलित असे. पाण्याचा सारा हिशेब त्याच्या डोक्यात, आणि स्वतःची जमीन बहुधा नाही. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही बाजू झाकली जाते, म्हणून नमूद करतो.

व्यवस्थेचा कणा होता तो पैशाचा. अधिक नेमके सांगायचे तर धान्याचा. खळ्यावर राशी पडली की राजाचा भाग निघण्यापूर्वी गावच्या निरनिराळ्या कामांसाठी ठरावीक मापे काढून ठेवीत. त्यात तळ्याचाही वाटा असे, त्यास 'एरी मेरै' म्हणत. इंग्रजी कंपनीच्या ताब्यात चेंगलपट्टूची जहागीर आल्यावर बर्नार्ड नावाच्या अभियंत्याने १७६७ ते १७७४ या काळात तेथील सुमारे दोन हजार गावांची पाहणी केली. ती कागदपत्रे गांधीवादी संशोधक धर्मपाल यांनी उजेडात आणली, आणि चेन्नईतच त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा पुढे अभ्यास केला. आपल्याकडच्या बलुत्यांची आठवण व्हावी अशीच ही पद्धत होती. फरक इतकाच की इथे तळे हेही एक बलुतेदार होते.

याच जहागिरीत १७९४ ते १७९८ या काळात लायोनेल प्लेस नावाचा कलेक्टर होऊन गेला. माणूस करडा असावा, पण तळ्यांच्या दुरुस्तीकडे त्याने लक्ष दिले. त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मदुरांतकमच्या मोठ्या तळ्याचा बांध वारंवार फुटे. एका वादळी रात्री बांधाची पाहणी करायला गेलेल्या प्लेससाहेबाला विजेच्या लखलखाटात बांधावर धनुष्यबाण घेतलेले दोन तरुण उभे दिसले, आणि त्या वर्षी बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. तेथल्या रामाला तेव्हापासून 'एरी कात्त रामर', म्हणजे तळे राखणारा राम, म्हणतात, आणि देवळातील देवीच्या मंदिरापाशी प्लेसच्या नावाचा शिलालेख आहे. आख्यायिकेवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. शिलालेख मात्र खरा आहे.

दुसरी गोष्ट वेडंतांगलची. तिथल्या तळ्यातील झाडांवर दरसाल हजारो पाणपक्षी वीण करतात. गोरे शिपाई त्यांची शिकार करीत, म्हणून गावकऱ्यांनी तक्रार केली, आणि १७९८ साली प्लेसने गावाला पक्षी राखण्याचा कौल दिला. गावकऱ्यांच्या या भूतदयेत हिशेबही होता. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी सकस होते, आणि ते पाणी घेतलेले भात चांगले पिकते. आजही तेथल्या लोकांनी ही राखण सोडलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र चक्र उलटे फिरले. १८२० नंतर मद्रास इलाख्यात रयतवारी पक्की झाली. सारा थेट सरकारात जाऊ लागला, खळ्यावरचे मेरै मागे पडले, आणि तळ्याचा वाटा सरकारच्या तिजोरीत गेला तो परत आला नाही. मोठी तळी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेली. १८५० च्या सुमारास इलाख्यातील चौदा जिल्ह्यांत त्रेपन्न हजार तळी मोजली होती, यावरून कामाचा आवाका लक्षात यावा. खात्याला ते झेपेना. तेव्हा १८५८ साली सक्तीच्या मजुरीचा कायदा झाला. बांध फुटण्याची भीती असेल तेव्हा गावकऱ्यांनी कामावर आलेच पाहिजे, आणि रूढीने चालत आलेली कामे केली नाहीत तर दंड. उत्पन्न सरकारने घेतले, कर्तव्य रयतेकडे ठेवले! असा कायदा कागदावर राहतो तसाच तोही राहिला. जे काम पूर्वी आपले म्हणून होत असे ते हुकमाने होईना.

आपल्या खानदेशात याच्याशी ताडून पाहण्याजोगी एक व्यवस्था आहे, ती म्हणजे धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धती. तीन-चारशे वर्षांची जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, शेतात पाणी द्यायला बारेकरी, आणि सर्वांवर लाभधारकांची पंचायत. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात काढायचा. कुडिमरामत्तुचेच हे सावत्र भावंड म्हणता येईल. पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला, त्यात एक पाऊल पुढे होते. पाणी जमिनीवर न मोजता माणसांवर मोजायचे, दरडोई अर्ध्या एकरापुरते, आणि भूमिहीनालाही हिस्सा. उत्तरमेरूरच्या सभेला जे सुचले नाही ते नायगावला सुचले. तंजावरच्या मराठी राजवटीतही (१६७५ ते १८५५) शेवप्पनायकन् एरीचे पाणी शिवगंगा तळ्यात आणि तेथून गावातील विहिरी-कुंडांत खेळवणारी 'जलसूत्र' व्यवस्था नांदत होती. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अड्यारच्या खोऱ्यातील एरींचे पुढे काय झाले? शहर वाढले. १९२० नंतर मांबळमचे लांबलचक तळे बुजवून त्यागरायनगर वसले. ज्या पाँडी बाजारात आपण दिवाळीची खरेदी करतो तो परिसर त्याच वसाहतीचा. नुंगंबाक्कमचे तळे आटवून तेथे १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले. नावे मात्र पुसली गेली नाहीत. पश्चिम मांबळममध्ये 'लेक व्ह्यू रोड' आहे, सरोवर नाही. नुंगंबाक्कमला 'टँक बंड रोड' आहे, बांध नाही. 'तांगल' म्हणजे लहान तळे; पळवंतांगलच्या रेल्वे स्थानकावर रोज उतरणाऱ्या किती जणांना आपण तळ्याच्या नावावर उतरतो हे ठाऊक असेल?

यात केवळ लोभ पाहणे अपुरे आहे, असे माझे मत आहे. एरीखालच्या भिजणाऱ्या जमिनीला इकडे 'आयकट' म्हणतात. जोवर आयकट होता तोवर तळ्याला राखणदार होते, कारण त्यांचे भात त्या पाण्यावर होते. घरे झाली, आयकट संपला, मदगु उघडायला कोणी उरले नाही. तळे महसुली दप्तरात 'पोरंबोक्कु', म्हणजे साऱ्याबाहेरची जमीन, म्हणून राहिले. आपल्याकडे गायरानाचे जे होते तेच त्याचे झाले: जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. सरकारी कचेऱ्या, बसस्थानके, गृहनिर्माण वसाहती यांनाही अशीच जमीन सोयीची वाटली. १०० एकरांवर आयकट असलेली तळी एका खात्याकडे, त्याहून लहान पंचायत संघांकडे. मधल्या ओढ्यांचा धनी कोण, हे ठरवण्यात फायली फिरत राहतात. २००७ साली राज्याने तळ्यांच्या संरक्षणाचा आणि अतिक्रमणे काढण्याचा कायदा केला खरा. तोवर शहरालगतची बरीच तळी नकाशातच उरली होती.

१ डिसेंबर २०१५ चा दिवस चेन्नईकर मराठी माणूस विसरणार नाही. तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम तुडुंब भरला आणि त्यातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी अड्यारमध्ये सोडण्यात आले. वरच्या साखळीतील एरी बांध फुटून आधीच वाहत होत्या. मुडिचूर, मणपाक्कम, सैदापेठ, कोट्टूरपुरम या भागांत पहिले मजले बुडाले. धावपट्टीवर पाणी आल्याने विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला. किनाऱ्यावरचे कोळी आपल्या होड्या मालमोटारींवर घालून शहरात आले आणि त्यांनी माणसे बाहेर काढली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१८ साली विधानसभेपुढे आला, त्यात या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले. नदी आपल्या जुन्या तळ्यांचे पत्ते विसरली नव्हती.

पुरानंतर नदी मोकळी करण्यासाठी काठावरच्या हजारो कुटुंबांना पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत हलवण्यात आले. ज्यांची मोलमजुरी सैदापेठेत होती त्यांना वीस-पंचवीस किलोमीटर दूर नेले, मुलांच्या शाळा सुटल्या. त्याच नदीच्या पात्रालगत बांधलेल्या पक्क्या, मोठ्या इमारती मात्र जागच्या जागी राहिल्या. नदी राखण्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्न उत्तरमेरूरपासून आजवर तसाच आहे. आपल्या घरी कामास येणाऱ्या बायांपैकी काही जणी त्या स्थलांतरित कुटुंबांतल्या आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

आता नव्या राखणदारांविषयी. नवल असे की ते बहुतेक शेतकरी नाहीत. बेझंटनगरचे शेखर राघवन हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. १९९० नंतरच्या दशकात ते आपल्या भागात घरोघर जाऊन, छपरावरचे पावसाचे पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवा, असे सांगत फिरत. समुद्रकाठच्या वाळूत गोडे पाणी उपसत राहिले तर खारे पाणी आत शिरणार, हे त्यांना दिसत होते. सुरुवातीस कोणी दाद दिली नाही. २००२ साली मंदवेळी येथे त्यांचे 'रेन सेंटर' उघडले, आणि २००३ साली तमिळनाडू सरकारने प्रत्येक इमारतीस पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. देशात ही सक्ती सर्वप्रथम लागू करणाऱ्या राज्यांत तमिळनाडूचे नाव घेतात ते त्यामुळे. छपराखालची ती विटांची खड्डी आपल्या वसाहतीत आहे का, आणि असेल तर तिच्यातला गाळ शेवटचा कधी काढला, हे पाहून ठेवण्यासारखे आहे.

दुसरे नाव अरुण कृष्णमूर्ती यांचे. एका परदेशी कंपनीतील चांगली नोकरी सोडून या तरुणाने एन्व्हायर्नमेंटलिस्ट फाउंडेशन ऑफ इंडिया या आपल्या संस्थेला वाहून घेतले. रविवारी सकाळी शाळा-महाविद्यालयांतील मुले गोळा करायची आणि तळ्यातला कचरा उपसायचा, अशी सुरुवात. कीळकट्टळै येथील तळ्याच्या कामासाठी त्यांना २०१२ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. केवळ कचरा काढून तळे जगत नाही, हे या मंडळींना लवकर उमगले. मग गाळ काढणे, बांध उंचावणे, पाणी येण्याचे मार्ग मोकळे करणे, मधोमध पक्ष्यांसाठी बेट ठेवणे, अशी कामे ते सरकारी परवानगीने करू लागले. एरी बांधणाऱ्या जुन्या लोकांना जे ठाऊक होते तेच पुन्हा नव्याने शिकून घेणे, असे याचे वर्णन करता येईल.

अड्यारच्या मुखाशी तर याहून जुनी मंडळी आहेत. १९८८ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी समुद्री कासवांच्या रक्षणासाठी एक जाळे उभारले. जानेवारी ते एप्रिल, मध्यरात्रीनंतर, नीलांगरैपासून नदीच्या मुखाकडे सात-आठ किलोमीटर वाळूतून चालत जायचे, ऑलिव्ह रिडले कासविणीने घातलेली अंडी शोधायची, सुरक्षित जागी पुरायची, आणि पिले निघाली की समुद्रात सोडायची. मुले शिकून दूर देशी गेली, त्यांच्या जागी नवी आली. चालणे थांबलेले नाही. शेजारच्या पळ्ळिकरणै दलदलीसाठीही अशीच दीर्घकाळ झुंज झाली. २००७ साली तिचा एक भाग राखीव वन झाला आणि २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले.

२०१९ च्या उन्हाळ्यात शहराची चारही मोठी धरणे आटली. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पन्नास वाघिणी, सुमारे पंचवीस लाख लिटर. लातूरकरांना यात नवे काही वाटले नसेल. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी २०१६ च्या एप्रिलमध्येच धावली होती. दोन्ही ठिकाणी गाडीवर हार घातले गेले, आणि दोन्ही वेळा मला ते पाहवले नाही. त्याच उन्हाळ्यात चिटलपाक्कमचे रहिवासी सरकारची वाट पाहून थकले आणि फावडी-घमेली घेऊन स्वतःच तळ्यात उतरले. म्हातारी माणसे, संगणक कंपन्यांतील तरुण, शाळकरी मुले, असा तो मेळा होता. त्यानंतर सरकारने त्या तळ्यासाठी पंचवीस कोटी रुपये मंजूर केले. कुडिमरामत्तु आयकटाविनाही होऊ शकते, याचा मला माहीत असलेला हा सर्वांत चांगला दाखला. त्यांचे भात त्या तळ्यावर नव्हते. त्यांच्या विहिरी होत्या, आणि पुराची भीती होती.

सरकारनेही जुना शब्द पुन्हा उचलला. मार्च २०१७ मध्ये राज्याच्या नव्या 'कुडिमरामत्तु' योजनेचा प्रारंभ झाला तो मणिमंगलम् येथेच. पहिल्या वर्षासाठी शंभर कोटी रुपये, सुमारे दीड हजार कामे, आणि लाभधारकांनी दहा टक्के वाटा श्रमाने वा साहित्याने द्यायचा. त्याच वर्षी आपल्याकडे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना निघाली, हा योगायोग मोठा बोलका आहे. योजनेत पुष्कळ गाळ निघाला. तसेच रयतेच्या नावाखाली कंत्राटदारच कामे करतात, अशी टीकाही झाली. सहा जणांच्या समितीने हिशेब भिंतीवर कोरावा, ही अट कोणी घातली नाही.

शेवटी एक हिशेब आपल्या घरचा. चेन्नईच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. १९७६ साली, म्हणजे आपल्या मंडळाच्या जन्माच्या मागेपुढेच, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. १९८३ साली तेलुगु गंगा प्रकल्पाचा करार झाला, आणि श्रीशैलम्, सोमशिला, कंडलेरू असा प्रवास करून कृष्णेचे पाणी १९९६ मध्ये पूंडीच्या जलाशयात आले. पंधरा अब्जांतून वाटेत उडून जाणारे तीन वजा जाता बारा सीमेवर पोहोचायचे होते. तेवढे ते बहुतेक वर्षी पोहोचत नाही. तरीही महाबळेश्वरी उगम पावलेली नदी आपल्या नळाला येते, ही गोष्ट सातारा-वाईकडच्या मंडळींना सांगितली की त्यांचा चेहरा खुलतो. कृष्णेचे पाणी मागून आणलेले आहे. अड्यारचे दारातले आहे, आणि ते डिसेंबरात दोन दिवसांत समुद्राला जाते.

मंडळाची वार्षिक सहल महाबलिपुरमला बऱ्याच वेळा जाऊन आली आहे. कार्यकारिणीने एखाद्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत वेडंतांगल, मदुरांतकम आणि उत्तरमेरूर अशी एका दिवसाची फेरी आखावी, अशी माझी सूचना आहे. पहाटे निघाल्यास पक्षी पाहून होतात, दुपारी एरी कात्त रामरचे दर्शन, आणि उन्हे उतरायच्या आत वैकुंठ पेरुमाळच्या भिंतीवरचे लेख पाहता येतात. तमिळ वाचणारी आपली मुले आता घरोघर आहेत. लिपी जुनी असली तरी देवळातली माणसे ओळ न ओळ दाखवतात. परतीच्या वाटेवर तांबरमच्या अलीकडे डावीकडे मणिमंगलम्‌चा फाटा फुटतो. पाऊस बरा झाला असेल तर तेथल्या कलंगलवरून पाणी पडताना दिसते.